दुकान रिकामं दिसतंय, पण गोदाम रिकामं आहे का?

एका वाचक बाईंनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकार राहणार की जाणार ते कळत नाही, रोज मोर्चे निघतायत, शेजारीपाजारी गाड्या भरून सामान आणतायत. घरात तान्हं बाळ आहे आणि इन्सुलिनवर असलेली वयस्कर आई आहे. साठा करावा का, किती करावा? बँकेतले पैसे काढून ठेवावेत का? जाळपोळ सुरू झाली तर घरातच थांबावं की नातेवाइकांकडे निघून जावं? आणि शेवटी विचारलंय, ‘मी उगाच घाबरतेय का?’

उगाच नाही. साठवणूक, मालवाहतूक आणि संकटकाळातलं मदतवाटप यात माझी बरीच वर्षं गेली. लोकांची भीती सहसा खोटी नसते, तिचा पत्ता चुकलेला असतो. सगळे संसदेकडे डोळे लावून बसतात. मालाचं खरं काय होणार ते मात्र बंदरात, इंधनाच्या आगारात आणि घाऊक व्यापाऱ्याच्या वहीत ठरत असतं. म्हणून आधी टंचाई कशी होते ते सांगते, तुमच्या घराचं त्यानंतर.

समजा एका दुकानावर ७०० घरं अवलंबून आहेत आणि प्रत्येक घर आठवड्यातून एकदा येतं. म्हणजे दिवसाला १०० घरं. दुकानदार त्याच हिशेबाने, वर थोडा जास्तीचा धरून, माल मागवतो. एका संध्याकाळी बातमी फुटते. दुसऱ्या दिवशी ३०० घरं येतात आणि प्रत्येक जण एका आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचं सामान उचलतो. ज्या दिवशी १०० वाटे खपायचे त्या दिवशी ६०० लागतात. यात साठेबाज कोणीच नाही, दोन आठवड्यांचं सामान घरात असणं हा काही गुन्हा नव्हे. तरी दुपारपर्यंत फळ्या मोकळ्या होतात. त्या मोकळ्या फळ्यांचा फोटो फिरतो आणि उरलेली ४०० घरं धावत सुटतात. हौद भरलेला असतो, पण नळाची तोटी तेवढीच असते. एकदम सगळ्यांनी बादल्या लावल्या तर धार पुरत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजू कोणी बघत नाही. ज्यांनी दोन आठवड्यांचं नेलं ते पुढचे दोन आठवडे फिरकत नाहीत. मागून माल येतच असतो. त्यामुळे निव्वळ घबराटीची टंचाई आठ-पंधरा दिवसांत आपोआप विरते. १९७३ च्या तेलसंकटात जपानमध्ये ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीत टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडाली आणि ते लोण देशभर गेलं. कागद संपणार ही नुसती आवई होती, कारखाने व्यवस्थित चालू होते. ब्रिटनमध्ये मार्च २०१२ मध्ये टँकरचालक संपावर जाणार अशी हवा होती. एका मंत्र्याने घरी डबाभर इंधन भरून ठेवा असं सांगितलं, पंपांवर रांगा लागल्या, कित्येक पंप कोरडे पडले. संप झालाच नाही. त्याच दिवसांत यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना गंभीर भाजली. घरात पेट्रोल साठवू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देणं एवढंच करा.

आता दुसरी टंचाई, म्हणजे खरी. तिची सुरुवात दुकानात होत नाही, मागच्या साखळीतल्या एखाद्या अरुंद जागी होते. सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्येच शेतकरी आणि मालवाहतूकदारांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांची आणि आगारांची फाटकं अडवली. आत तेल भरपूर होतं, फक्त टँकर बाहेर पडत नव्हते. आठवड्याच्या आत हजारो पंप कोरडे पडले. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसा उसळली, रस्ते अडले, रेल्वेचे रूळ उखडले गेले, आणि इंधनाची ओरड सुरू झाली ती शेजारच्या युगांडात. कारण युगांडाचं इंधन मोम्बासा बंदरातून त्याच वाटेने येतं. दंगल एकीकडे आणि टंचाई दुसरीकडे, हे माझ्या कामात नेहमीचं आहे. आपल्या शहरात शांतता आहे म्हणून निर्धास्त राहणं जितकं चूक, तितकंच चौकात टायर जळतायत म्हणून अन्न संपणार असं धरून चालणंही चूक.

श्रीलंकेचं उदाहरण मी सगळ्यांना देते, कारण त्याबद्दल लोकांच्या मनात क्रम उलटा बसलेला आहे. राष्ट्राध्यक्ष पळाले आणि मग देशात टंचाई आली असं कित्येकांना वाटतं. प्रत्यक्षात २०२१ च्या अखेरीसच कोलंबो बंदरात जीवनावश्यक मालाचे शेकडो कंटेनर अडकून पडले होते, सोडवायला डॉलर नव्हते म्हणून. १२ एप्रिल २०२२ ला देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी सांगितलं की हाताशी वापरता येईल अशी परकीय गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली गेली आहे. लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले ते ९ जुलैला. टंचाई आधी, उलथापालथ नंतर. जो माणूस बंदराकडे बघत होता त्याला सहा महिने आधी कळलं होतं. जो फक्त मोर्चे मोजत होता त्याला शेवटच्या आठवड्यात.

म्हणून माझा पहिला सल्ला: पुढारी काय बोलतात ते दिवसातून एकदा ऐका, आणि बाकीचा वेळ या गोष्टींची चौकशी करा. घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराला उधारीवर माल देतोय का? ही सगळ्यांत महत्त्वाची खूण. राजकीय अनिश्चितता वाढली की माल नाहीसा होण्याआधी उधारी नाहीशी होते. पंधरा दिवसांच्या बोलीवर चालणारा व्यवहार ‘रोख मोजा, मग गाडी भरा’ वर आला की समजावं, वरच्या माणसाला उद्याची खात्री उरलेली नाही. ओळखीच्या दुकानदाराला विचारा, तो सांगतो. दुसरी खूण इंधनाची: मालवाहू गाड्यांना डिझेल पूर्ण मिळतंय की मोजून? तिसरी, बाहेरून येणाऱ्या वस्तू. देशात पिकणारं-बनणारं उशिरा संपतं. औषधं, औषधांचा कच्चा माल, सुटे भाग, बाळांची पावडर, हे आधी. या तिन्ही ठिकाणी सगळं सुरळीत असेल आणि तरीही फळ्या मोकळ्या दिसत असतील तर ती घबराटीची टंचाई आहे. दोन आठवडे थांबा.

‘पण थांबायला घरात काही असलं तर ना,’ असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच आहे. साठा करायचाच. एक-दोन आठवडे पुरेल एवढा, आणि तोही गर्दीच्या दिवशी नाही. दर खेपेला नेहमीच्या यादीवर थोडं जास्तीचं घ्या, आठ-दहा खेपांत पुरेसं जमतं आणि दुकानाच्या हिशेबावर ओरखडाही उठत नाही. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. रोजच्या कमाईवर रोजचं सामान आणणाऱ्याला आगाऊ खरेदी करताच येत नाही. झुंबडीच्या संध्याकाळी तो कामावरून परततो तेव्हा त्याच्यासाठी काही उरलेलं नसतं. मोर्चे चालू असताना अशी संध्याकाळ वस्तीतलं वातावरण सगळ्यांत जास्त बिघडवते.

स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये घरोघर एक पुस्तिका पाठवली, २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती पाठवली. त्यांचं म्हणणं एवढंच की संकटात पहिला आठवडा प्रत्येक घराने आपल्या बळावर काढावा, म्हणजे यंत्रणेला ज्यांना खरंच मदत लागणार त्यांच्यापर्यंत पोचता येईल. आठवडा हा आकडा मला पटतो. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं पाहा: ९ तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा दिला, त्या रात्री सैन्याने सुरक्षेची सूत्रं हाती घेतली, संचारबंदी लागली, खरेदीसाठी मध्ये काही तासांची सूट मिळत होती. १२ ला नव्या पंतप्रधानांचा शपथविधी झाला, १३ ला संचारबंदी उठली. सत्तेची प्रत्यक्ष पडझड बऱ्याचदा इतकीच आखूड असते. आठवड्याचं सामान घरात असलेल्या माणसाला त्या दिवसांत दाराबाहेर पाऊल टाकावं लागत नाही, आणि साठ्याचा खरा उपयोग हाच. उपासमारीपेक्षा चुकीच्या वेळी रस्त्यावर जाणं जास्त धोक्याचं असतं.

काय ठेवायचं याची लांबलचक यादी देत नाही. जे रोज खाता तेच, टिकाऊ स्वरूपात. कमी इंधनात शिजणारं किंवा न शिजवता खाता येणारं निम्मं तरी असावं. जुनं आधी वापरायचं, नवं मागे लावायचं. माणसं बहुतेक वेळा विसरतात ते पाणी. नळाचं पाणी पंपावर चालतं, पंप विजेवर किंवा डिझेलवर, आणि पाण्यावर क्लोरिनची प्रक्रिया करायला ते रसायन ट्रकने यावं लागतं. मदतकार्यात माणशी रोजचं किमान प्रमाण १५ लिटर धरतात, त्यातलं पिण्यापुरतं सुमारे ३ लिटर. आठवड्याचं पिण्याचं पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत ठेवणं बहुतेक घरांना जमतं. वापरायचं पाणी बादल्या-पिंपांत, पण बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी.

बाळ अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवा. घबराटीत कित्येक घरं ‘जवळ असू दे’ म्हणून पावडर आणतात आणि हळूहळू तिच्यावर जातात. पावडरीला उकळलेलं पाणी लागतं, धुतलेली बाटली लागते, म्हणजे पुन्हा पाणी आणि इंधन. बाळ आधीपासून पावडरीवरच असेल तर मात्र तिचा महिन्याचा साठा हवा.

आईच्या औषधांचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, मी तो सगळ्यांत वर ठेवीन. श्रीलंकेत मार्च २०२२ मध्ये एका मोठ्या रुग्णालयाला औषधांअभावी नियोजित शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या होत्या. अन्नाला पर्याय निघतो, इन्सुलिनला निघत नाही. डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा. एक-दोन महिन्यांची चिठ्ठी मागा, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या (त्याच नावाची गोळी मिळाली नाही तर दुसऱ्या कंपनीची कोणती चालेल हे त्यांच्याकडूनच कळायला हवं), आणि चिठ्ठीचा फोटो दोन फोनमध्ये ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन साधारण २५-३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे चालतं. नेमके दिवस वेष्टणावर बघा. वीज गेली म्हणून ते थेट बर्फावर ठेवू नका, एकदा गोठलं की निकामी होतं. आणि साखर एकदम उतरली तर लगेच देता येईल असं गोड काहीतरी आईच्या उशाशी असू द्या, कारण गोंधळाच्या दिवसांत जेवणाच्या वेळा चुकतात.

पैशांचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. सगळे काढू नका. बँकेत ठेवींच्या मानाने रोकड थोडीच असते, सगळ्यांनी एकदम मागितली तर धडधाकट बँकही बसते. शिवाय घरातली मोठी रक्कम हा अशांततेत वेगळाच धोका. पण थोडे काढाच. ग्रीसमध्ये जून २०१५ च्या अखेरीस बँका तीन आठवडे बंद राहिल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते. सायप्रसमध्ये मार्च २०१३ मध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ च्या सुरुवातीला खात्यातून आठवड्याला फक्त २५० पेसो काढण्याची मुभा उरली आणि महिना संपायच्या आत दुकानं लुटली गेली, राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले. या तिन्ही ठिकाणी लोकांची अडचण झाली ती हातात रोजच्या खर्चाला नोटा नव्हत्या म्हणून. दोन आठवड्यांचा घरखर्च, लहान नोटांत. मोठी नोट घेऊन गेलात तर सुट्टे देणारा कोणी नसतो. इंटरनेट बंद झालं की फोनवरून पैसे पाठवणंही थांबतं, आणि अशा काळात सरकारं इंटरनेट आधी बंद करतात. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ मध्ये केलं, बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये केलं. बॅटरीवरचा रेडिओ आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर त्यासाठीच हवेत.

आता रस्त्यावरची भीती. पूर किंवा भूकंपानंतर लोक एकमेकांना लुटतात हा समज अभ्यासकांनी अनेक दशकांपूर्वीच खोडून काढला, तशी लूट क्वचित होते. राजकीय दंगलीत मात्र लूट आणि जाळपोळ खरोखर होते, हे एन्रिको क्वारंटेली आणि रसेल डाइन्स या समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातल्या अमेरिकी दंगलींच्या अभ्यासातून दाखवलं. पण ती सरसकट नसते, निवडून असते. नेपाळच्या त्याच उलथापालथीत काठमांडूत संसद, सिंहदरबार (सरकारी कार्यालयांचं मुख्य संकुल), सर्वोच्च न्यायालय जळलं. ठरलेली लक्ष्यं म्हणजे सत्तेच्या इमारती, पुढाऱ्यांची घरं, पोलीस ठाणी, हमरस्त्यावरची मोठी दुकानं. नकाशा घ्या आणि आपलं घर यांच्यापासून किती लांब आहे ते बघा. आतल्या गल्लीत असाल तर घरात थांबणं बहुतेक वेळा जास्त सुरक्षित. रस्त्याकडच्या खिडक्यांपासून आतल्या खोलीत झोपा, दुपारनंतर बाहेरची कामं काढू नका, आणि जमाव बघायला गच्चीत जाऊ नका. गोळीबारात बघेही सापडतात.

पोलीस नाहीसे होणं हा सगळ्यांत भीतिदायक टप्पा, आणि तो येतोही. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या, त्यानंतर काही दिवस बांगलादेशात कित्येक ठाणी ओस होती. चौकात वाहतूक विद्यार्थ्यांनी सांभाळली. ढाक्यात रात्री दरोडेखोर आल्याच्या हाकाट्या उठत होत्या, गल्लीतली माणसं काठ्या घेऊन पहारा देत होती. इजिप्तमध्येही २८ जानेवारी २०११ ला पोलीस रस्त्यावरून गेल्यावर वस्त्यावस्त्यांनी अशाच पहारा समित्या उभ्या केल्या. अशा समित्यांचा उपयोग होतो, पण मला त्यांची भीतीही वाटते. अफवेवर चालणारा पहारा अनोळखी वाटसरूला चोर ठरवतो. तुमच्या गल्लीत असं काही उभं राहिलं तर एक नियम आधीच करून घ्या: बातमी आणणाऱ्याला विचारायचं, तू स्वतः पाहिलंस का, कुठे, किती वाजता? तिन्हीची उत्तरं नसतील तर ती पुढे पाठवायची नाही. शेजाऱ्यांची ओळख मात्र आजच करून घ्या. कोणाकडे गाडी आहे, कोण परिचारिका आहे, कोण एकटं राहतं, एवढं कळलं तरी खूप.

राहिला निघून जाण्याचा प्रश्न. याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: राग कोणावर आहे? राग सत्तेवर असेल तर घरं सहसा लक्ष्य नसतात आणि वाटेतल्या अडवणुकीपेक्षा घर बरं. पण राग एखाद्या जमातीवर, भाषेवर, धर्मावर वळायला लागला तर वरचे सगळे हिशेब रद्द समजा. केनियात २००७-०८ मध्ये तेच झालं. निवडणुकीचा वाद जमातींवर घसरला, रिफ्ट व्हॅलीत राहती घरं जाळली गेली, हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो विस्थापित झाली. घरांवर खुणा दिसणं, कोण कुठे राहतं याच्या याद्या फिरणं, अमुक तारखेच्या आत निघून जा अशा चिठ्ठ्या, भाषणांत माणसांना किडामुंगीची नावं, यातलं काही तुमच्या भागात दिसलं आणि तुम्ही त्या गटातल्या असाल तर साठ्याचा विचार करत बसू नका. रस्ते उघडे असतानाच निघा, सकाळी निघा, आणि कुठे जाताय ते एकाच विश्वासाच्या माणसाला सांगा. कागदपत्रं, औषधं, बाळाचं सामान आणि रोकड यांची एक पिशवी दाराशी तयार असू द्या. इन्सुलिन मात्र फ्रिजमध्येच राहू द्या आणि ते बर्फाला थेट लागणार नाही असा थंड राहणारा डबा पिशवीशेजारी ठेवा, म्हणजे निघताना फक्त तेवढंच उचलायचं राहील.